वाटेकरी

शेळंबखोलच्या रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याचा, नियम साधा आहे. रशीला ज्याने हात लावला, त्याचा मासळीत वाटा. हात लावणारा गावचा असो की पाहुणा, धडधाकट असो की दम्याने बेजार, वाटा म्हणजे वाटा. मी पुण्याची, जपानी भाषेवर पोट भरणारी बाई. पहिल्याच आठवड्यात हौसेने रशी धरली, तळहात सोलून घेतले, आणि जाळं वर आल्यावर माझ्या पायाशी बांगड्यांचा ढीग येऊन पडला. मी शाकाहारी आहे हे सांगायची सोयच नव्हती. सगळे इतक्या कौतुकाने बघत होते की मी ते बांगडे उराशी धरून खोलीवर गेले.

नियम आधी सांगून ठेवला, कारण पुढचं सगळं त्याच्यामुळेच झालं.

शेळंबखोल देवगड आणि मालवणच्या मधे कुठेतरी आहे. तिथे एका जपानी चित्रपटाचं चित्रीकरण होणार होतं आणि मी दुभाषी म्हणून गेले होते. कानात घालायची भाषांतर-यंत्रं आता भाजीवाल्यांकडेही असतात, मग माझी गरज काय, असं माझी आईसुद्धा विचारते. त्याचं उत्तर असं, की ती यंत्रं पुणेरी मराठीपर्यंत झकास चालतात, मालवणी कानावर पडली की गप्प बसतात. मालवणी माणूस गप्प बसत नाही, त्यामुळे माझं बरं चाललं आहे.

चित्रपटाचं नाव 'नागीचा किनारा'. दिग्दर्शिका मियासाका-सान, साठीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची गोष्ट अशी: एका ओसाड होत चाललेल्या बेटावर एक म्हातारी आणि तिच्या सोबतीला ठेवलेला रोबॉट. म्हातारी जाते. रोबॉट गावकऱ्यांबरोबर जाळं ओढत राहतो, आणि शेवटी कंपनी त्याला परत मागते. जपानातही किनाऱ्यावरून ओढायची अशी जाळी पूर्वी होती. पण आता त्यांच्या किनाऱ्यांवर समुद्राला अडवायला उंच भिंती उभ्या राहिल्यात, आणि भिंतीवरून जाळं ओढता येत नाही. म्हणून मंडळी किनारा शोधत शोधत आमच्याकडे आली.

रोबॉटचं काम खरा रोबॉटच करणार होता. त्याचं नावही नागी, म्हणजे वारा पडल्यावरचा शांत समुद्र. गावाला ते नाव बाईमाणसाचं वाटलं, म्हणून दुसऱ्याच दिवशी तो नागेश झाला. दिसायला काही खास नव्हता. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराएवढा, राखाडी, चेहऱ्याच्या जागी एक काळपट काच. मियासाका-सानांना तसाच हवा होता. त्याचं सगळं काम हातांत होतं, आणि हात मात्र फार सुंदर घडवले होते. ते हात रापण ओढायला शिकावेत म्हणून चित्रीकरणाच्या वर्षभर आधी त्याला, आणि भाषेसाठी मला, गावात आणून ठेवलं.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, मलाही एवढंच समजतं.

आधीच्या यंत्रांची बुद्धी आकड्यांत साठवलेली असे. आकड्यांची नक्कल करता येते, त्यामुळे एक यंत्र शिकलं की त्याच्यासारखी हजार यंत्रं एका क्षणात शिकत. पण त्या बुद्धीला वीज लागे ती शहरंच्या शहरं अंधारात जातील एवढी. आपला मेंदू तर एका मंद दिव्याच्या विजेवर आयुष्यभर चालतो. तेव्हा संशोधकांनी मेंदूसारखाच पदार्थ करायला घेतला. त्यात कोट्यवधी बारीक सांधे असतात. एखाद्या सांध्यातून विजेचा प्रवाह जितक्या वेळा जाईल, तितकी ती वाट पुढच्या वेळी सोपी होते. माळरानावर पायवाट पडते तसं. शिकणं म्हणजे अशा पायवाटा पडणं. वीज अगदी नाममात्र लागते.

फक्त एक गोम राहिली. हा पदार्थ घडवताना त्याचे दोन तुकडे कधीच सारखे होत नाहीत. एका माळावरच्या पायवाटांचा नकाशा दुसऱ्या माळावर काय कामाचा? त्यामुळे अशा यंत्राची नक्कल होत नाही. प्रत्येकाला पहिल्यापासून, लहान मुलाला शिकवावं तसं, एखाद्या माणसाच्या सहवासात शिकवावं लागतं. एक गोष्ट मात्र सोपी आहे. तो पदार्थ ठरावीक तापमानापर्यंत तापवला की सगळे सांधे मूळ जागी येतात आणि पायवाटा बुजतात. ही यंत्रं बनवणाऱ्या कंपनीच्या भाषेत याला 'कोरं करणं' म्हणतात. भाडेकरार संपला की यंत्र कोरं करून पुढच्या गिऱ्हाइकाला द्यायचं. स्वस्त यंत्र करायच्या नादात माणसाने एकच आयुष्य असलेलं यंत्र करून ठेवलं, आणि ते भाड्याने द्यायला काढलं. नागेश त्यातलाच.

नागेशला ज्यांच्याकडे ठेवलं त्या तृप्तीकाकी कुबल. अलीकडे गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांची नावं तृप्ती, स्वप्नील अशीच असतात, त्याला इलाज नाही. काकींचे यजमान समुद्रावरच गेले. एकुलता एक मुलगा साईश जपानात ओसाकाजवळ म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम करतो. म्हणजे आपली पोरं तिकडे माणसं सांभाळायला आणि त्यांचे रोबॉट इकडे जाळी ओढायला. मी हे काकींना हसत हसत बोलून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "मगे काय झाला? तेच्या हाताक थंय काम आसा, हेच्या हाताक हंय."

काकींची शिकवायची पद्धत एकच. तोंडाने सांगायच्या नाहीत. मागे उभं राहून आपले हात नागेशच्या हातांवर ठेवायच्या आणि काम करून घ्यायच्या. कोयता धरणं, फाटलं जाळं विणणं, मासळी निवडणं, सगळं असंच. सुरुवातीला त्याने काकींच्या घरातली भांडी इतकी फोडली की त्या त्याला करवंटीतून पाणी द्यायला लागल्या. तो पाणी पीत नाही हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. हळूहळू हात बसत गेला. बोलायलाही तो त्यांच्याकडूनच शिकला, त्यामुळे जपानी रोबॉट अस्सल मालवणीत बोले आणि जपानी मंडळींना त्याचं बोलणं मी भाषांतर करून सांगे.

साईशचा फोन आला की नागेश शेजारी बसून ऐके. साईश सांभाळत होता ते नाकानो-सान नव्वदीचे होते आणि त्यांना काल काय झालं ते आज आठवत नसे. रोज सकाळी ते साईशला विचारत, तू कोण? साईश नाव सांगे, चहा देई, आणि दिवस सुरू होई.

"रोज नाव सांगतंस?" काकींनी एकदा विचारलं. "कंटाळनस नाय?"

"आये, मी तेंका नवीन," साईश म्हणाला. "ते माका थोडेच नवीन?"

 त्या दिवशी काकी फार खुशीत होत्या. शेजारणींना बोलावून त्यांनी ते वाक्य दोनदा सांगितलं.

नागेशने पहिल्यांदा नीट रशी ओढली त्या दिवशी मी तिथे होते. दोन्ही बाजूंच्या रांगांतली माणसं पाय रोवून मागे मागे सरकत होती आणि तो काकींच्या पुढे, त्यांच्याच लयीत ओढत होता. जाळं वर आलं. स्वप्नील मेथर, म्हणजे रापणीचे तांडेल, म्होरके, वाळूवर ढीग मांडत चालले आणि नागेशसमोर येऊन त्यांनी एक ढीग ठेवला. कंपनीचा जपानी तंत्रज्ञ हसला. त्याला ती थट्टा वाटली.

तांडेल काही हसले नाहीत. "रशीक हात लागलो तेचो," ते म्हणाले आणि पुढे गेले.

काकींनी ती मासळी आपल्या टोपलीत भरली आणि नागेशने टोपली उचलली. मग रोजचंच झालं. गंमत म्हणजे कोणाच्या लक्षात आलं नाही की त्या ढिगाबरोबर आणखीही एक गोष्ट नागेशच्या पदरात पडली होती. शेळंबखोलात ज्याचा रोजचा वाटा, तो बैठकीत बसतो. आणि बैठकीत बसलेल्याला विचारल्याशिवाय रापणीचा कुठलाच निर्णय होत नाही.

पुढे चित्रीकरण सुरू झालं. म्हातारीचं काम करणारी नटी आली, आपलं काम करून गेली. शेवटचा प्रसंग उरला. त्यात गावातली सगळी रापणीची माणसं लागणार होती, म्हणून मियासाका-सान मला घेऊन काकींच्या अंगणात आल्या आणि प्रसंग समजावून सांगायला लागल्या. मी भाषांतर करत होते. नागी रशी ओढतो आहे. कंपनीचा माणूस त्याला कोरं करायला सुरुवात करतो. त्याचे हात हळूहळू विसरत जातात. रशी हातातून सुटते. चित्रपट संपतो.

"ता नाटक ना?" काकींनी विचारलं.

मी विचारलं. मियासाका-सान म्हणाल्या, "नाही. खरंच."

मी ते एक वाक्य मराठीत आणायला फार वेळ घेतला. काकी माझ्याकडे बघत होत्या, त्यामुळे सांगायच्या आधीच त्यांना कळलं. त्यांनी चहाचे कप गोळा केले आणि आत गेल्या. भरलेलेसुद्धा नेले.

मला राग आला होता. परत जाताना मी मियासाका-सानांना विचारलं, की तुमच्याकडे चित्रांची इतकी जादू आहे, हात विसरल्याचं खोटं दाखवता येत नाही का? दुभाषीने असं विचारायचं नसतं, पण मी विचारलं.

त्या चालता चालता थांबल्या. "मी एकदा यांचं गोदाम पाहिलं," त्या म्हणाल्या. "भाडं संपलेली यंत्रं रांगेत उभी करून तापवतात. कोणी तिथे थांबत नाही, दार लावून जेवायला जातात. त्यातल्या एकाचा हात हलत होता. कोणाला तरी चमच्याने भरवत असल्यासारखा. मग तो थांबला. अन्विता-सान, हे रोज होतं आणि कोणी बघत नाही. मी खोटं दाखवलं तर लोक म्हणतील, काय सुंदर काम केलंय. मला तसं नको आहे. एकदा तरी कोणीतरी खरं बघायला हवं."

माझी पंचाईत अशी झाली की मला त्यांचं म्हणणं पटलं आणि रागही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते काकींना जसंच्या तसं सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. नागेश शेजारी बसून खवले काढत होता. "गोदामातल्यांचा वायट वाटता," काकी म्हणाल्या, "पण दाखवूक माझ्या घरातलोच कित्याक?"

मी हा प्रश्न मियासाका-सानांकडे नेला.  त्या म्हणाल्या, "कारण त्याच्यासाठी रडणारं कोणीतरी आहे. गोदामात तेच नव्हतं."

हे उत्तर मी परत काकींकडे नेलं नाही. माझ्याने झालं नाही.

यंत्र कंपनीचं होतं, कागदावर गावाचा त्याच्यावर काडीचाही हक्क नव्हता. पण रापण माणसांशिवाय ओढता येत नाही, आणि माणसं गावाची होती. गाव नाही म्हणालं असतं तर तो प्रसंग झालाच नसता. म्हणून तांडेलांनी बैठक बोलावली. संध्याकाळी किनाऱ्यावर, होडीच्या सावलीत सगळे वाटेकरी गोल बसले. मला आणि मियासाका-सानांना जरा बाजूला बसवलं. मी त्यांच्या कानात भाषांतर पुटपुटत होते.

कोणी म्हणालं, त्यांचं यंत्र, ते काय वाटेल ते करतील, आपण कोण? कोणी म्हणालं, आपल्या हातून हे पाप नको. एक जण म्हणाला, तो उद्या गेला तर काकींच्या मदतीला कोण आहे, ते आधी बघा. काकी मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या आणि सोडायच्या.

मग तांडेलांनी वर बघितलं. "वाटेकऱ्याक कोणी इचारलात?"

 कोणीच विचारलं नव्हतं. काकींनीही नाही, मीही नाही. नागेश पलीकडे जाळ्यात अडकलेला कचरा काढत होता. त्याला हाक मारली. तो आला आणि गोलात जिथे जागा होती तिथे मांडी घालून बसला. तांडेलांनी त्याला काही न लपवता सगळं सांगितलं.

"कोरो झालंय काय काय होतला?" नागेशने विचारलं.

"तुका ह्यातला काय एक आठवाचा नाय. ना रशी, ना गाव, ना काकी."

तो विचार करत राहिला. ही यंत्रं आकड्यांच्या यंत्रांसारखी झटपट उत्तर देत नाहीत. समुद्राचा आवाज येत होता आणि कोणीही घाई केली नाही.

"रापण ओढताना मधीच होतला?"

"व्हय."

"मगे रशी सुटात. जाळा फिराक नको. माझ्या मागे कोणाक तरी उभ्या करा." आणि थोडं थांबून म्हणाला, "माझो वाटो हंगाम संपासर काकीच्या घराक जाऊंदे."

इथला वाटेकरी आजारी पडला तर त्याचा वाटा हंगाम संपेपर्यंत त्याच्या घरी जातो. कोणीतरी त्याला हे कधी सांगितलं असेल, किंवा त्याने बघितलं असेल. तांडेलांनी पागोट्याने तोंड पुसलं.

"ता होतला रे," ते म्हणाले. "पण तुका होया की नको, ता सांग."

"नको असा वाटता," नागेश म्हणाला. मग त्याने आपली काळपट काच माझ्याकडे वळवली. "पण गोदामात ज्येचो हात हलत होतो, तेच्या मागे कोण उभ्या नव्हता ना?"

काकींना सांगितलेलं सगळं त्याने खवले काढता काढता ऐकलं होतं. मी मान हलवली. नव्हतं.

"माझ्या मागे तरी आसात," तो म्हणाला.

मी हे भाषांतर करायला गेले आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं. मियासाका-सानांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यांना न सांगताच बरंचसं समजलं असावं.

"मागे मी उभी रवतंय," काकी म्हणाल्या. बैठक संपली.

मियासाका-सानांनी अट कबूल केली, फक्त एवढंच म्हणाल्या, की रशी नागीच्या हातून सुटेपर्यंत मागच्या बाईने हात लावायचा नाही. सुटल्यावर लगेच धरावी, जाळं वाचेल. चित्रपटाचा शेवट त्या सुटण्यावरच उभा होता. मी काकींना सांगितलं. त्या "बरां" म्हणाल्या.

चित्रीकरणाच्या दिवशी सकाळी समुद्र अगदी शांत होता. होडी जाळं सोडून आली, दोन्ही रशींची टोकं किनाऱ्यावर आली. ओढायच्या आधी इथे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. तांडेल देवापुढे सगळ्यांच्या वतीने बोलतात आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे हुंकार देतात. तांडेल डोकं उघडं करून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज सगळी लेकरा रशीक हात लावतत. तेंका यश दी, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"वारो, पाणी सांभाळ, म्हाराजा. लांबसून इलेल्या पावण्यांका सांभाळ, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ह्यो तुझो नागेश. आज तो सगळा इसारतलो, म्हाराजा. तू तेका इसरा नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले, आणि त्यात नागेशचाही आवाज होता. तो रोज म्हणायचा तसाच म्हणाला. स्वतःसाठीचं गाऱ्हाणं आहे हे त्याला कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही.

तंत्रज्ञाने त्याच्या मानेमागे तापवायचा पट्टा लावला आणि बाजूला झाला. कॅमेरा सुरू झाला. दोन्ही रांगा ओढायला लागल्या. नागेशमागे काकी उभ्या होत्या, हात मोकळे, छातीशी धरलेले. ओढीच्या लयीत तो एक पाऊल मागे आला की त्याही एक पाऊल मागे येत.

तंत्रज्ञाने मला आधीच समजावून सांगितलं होतं. उथळ पायवाटा आधी बुजतात, खोल शेवटी. म्हणजे कमी सरावाचं आधी जाणार, रोज हातांनी केलेलं शेवटी. काकी त्याच्याशी हळू आवाजात बोलत होत्या. काय रे, पाय दुखतत? आज तारले गावतले बघ. आधी तो उत्तरं देत होता. मग नुसतं "व्हय" म्हणायला लागला. मग काकी म्हणाल्या, "नागेश," आणि तो वळला नाही. त्या पुन्हा म्हणाल्या. काच समोर समुद्राकडे होती आणि हात ओढत होते. आता त्याच्यात शब्द उरले नव्हते, फक्त रशी उरली होती.

जाळं जवळ येत होतं. पाण्यावर मासळी उडताना दिसायला लागली, म्हणजे ओझं सगळ्यात जड होण्याची वेळ. तेव्हा त्याच्या उजव्या हाताची करंगळी सैल झाली. मग शेजारचं बोट. मियासाका-सान कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत होत्या. सगळा चित्रपट त्या बोटांत येऊन थांबला होता.

आणि काकींनी हात पुढे केले. रशी सुटायच्या आधीच. आपले दोन्ही हात त्याच्या हातांवर ठेवले, बोटांवर बोटं दाबली, जशी त्यांनी वर्षभर प्रत्येक गोष्ट शिकवली होती तशी, आणि त्याच्या हातांनी रशी ओढायला लागल्या.

"त्यांना हात काढायला सांगा," मियासाका-सान मला म्हणाल्या.

मी रांगेजवळ धावत गेले आणि सांगितलं. माझं कामच ते.

काकींनी माझ्याकडे बघितलंही नाही. "रापणीत हात सुटाचे आधी धरूचो आसता," त्या धापा टाकत म्हणाल्या. "सुटल्यावर धरून काय उपेग? सांग तिका."

मी परत येऊन जपानीत सांगितलं. त्यात माझं काहीही मिसळलं नाही, मिसळायची गरजही नव्हती. मियासाका-सान पडद्याकडे बघत राहिल्या. त्यावर चार हात होते, दोन सुरकुतलेले आणि दोन राखाडी, आणि रशी हलत होती. मला वाटलं त्या कॅमेरा बंद करायला सांगतील. त्यांनी तंत्रज्ञाकडे हात केला.

"तापवणं थांबवा."

"अजून पूर्ण झालेलं नाही," तो म्हणाला.

"थांबवा."

त्याने पट्टा बंद केला. कॅमेरा मात्र त्यांनी जाळं वाळूवर येईपर्यंत चालू ठेवला. मग त्या माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. "रशी सुटलीच नाही," त्या म्हणाल्या. "माझा शेवट गेला. आता हाच शेवट." त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

कंपनीच्या नियमांत यंत्र एकतर शिकलेलं असतं किंवा कोरं. मधलं काही नसतं. तंत्रज्ञाने तिथूनच फोन लावला, बराच वेळ बोलला, आणि शेवटी वरून उत्तर आलं की असं यंत्र पुढे भाड्याने देता येत नाही, निकामी समजून चित्रपटवाल्यांनी ठेवून घ्यावं. मियासाका-सान मला म्हणाल्या, कुबल-सानांना विचारा, हा त्यांना हवा आहे का. मी म्हटलं, इतकं उघड असलेलं विचारायचं असेल तर तुम्ही दुसरा दुभाषी बघा. त्या पहिल्यांदाच हसल्या.

वाळूवर ढीग मांडले जात होते. नागेश जिथे सोडला तिथेच उभा होता, हात अर्धवट वाकलेले, जणू रशी अजून त्यात आहे. तांडेल ढीग मांडत मांडत त्याच्यापर्यंत आले आणि एक ढीग त्याच्या पायाशी ठेवला. नागेशने खाली बघितलं. मासळी म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं.

मियासाका-सानांनी मला विचारायला लावलं. शेवटी शेवटी तर ओढ त्याची नव्हतीच, आणि आपण काय केलं हेही त्याला आठवत नाही, मग वाटा कसला?

तांडेलांना प्रश्नच विचित्र वाटला. "हात होतो ना तेचो रशीक?" ते म्हणाले आणि पुढच्या ढिगाकडे वळले.

काकी टोपली घेऊन आल्या. वाकून त्यांनी नागेशची मासळी टोपलीत भरली. मग उभ्या राहून, पदराने हात पुसून, त्याच्यासमोर गेल्या. तंत्रज्ञ माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, त्यांना सांगा, तो त्यांना ओळखणार नाही. काही उरलंय की नाही, आणि उरलं असलं तर काय, हे आम्हालाही सांगता येत नाही. उगीच आशा नको.

मी सांगितलं. काकींनी ऐकून घेतलं.

"मी तेका नवीन, गो," त्या म्हणाल्या. "तो माका थोडोच नवीन?"

मग त्या त्याच्या मागे गेल्या, त्याचे दोन्ही हात धरून टोपलीच्या काठावर ठेवले आणि वर आपले हात ठेवले.

"मी तृप्ती," त्या म्हणाल्या. "आणि ही टोपली. उचल बघूया."